उष्ट्रासनात कंबर दुखते, काय चुकतं?

लोकल, मग दिवसभर खुर्ची. यामुळे मांड्यांचा पुढचा भाग आखडतो आणि उष्ट्रासनात, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून टाचा पकडायला मागे झुकताना, सगळा भार कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. गुडघे कमरेइतक्या अंतरावर ठेवा, खाली सतरंजीची घडी घ्या. नुसती लादी टोचते. चवडे उभे केले की टाचा वर येतात, हात सहज पोचतात. आधी छाती उचला, मगच मागे झुका. मांड्या उभ्याच राहायला हव्यात. नितंब टाचांकडे सरकत असतील तर हात कमरेवरच ठेवा, टाचा पकडायचा हट्ट खरंच नको. मान सहज जाईल तेवढीच. 3 ते 5 श्वास पुरेत. वर येताना डोकं सर्वांत शेवटी, नाहीतर मानेला झटका बसतो. पायात कळ किंवा मुंग्या आल्या तर लगेच थांबा, डॉक्टरांना दाखवा. हर्निया असेल तर हे आसन टाळाच.