मुंबई ते न्यूयॉर्क सहा तासांत? तिकिटावरच्या वेळा कशा वाचायच्या

दादा, तुम्ही विचारलंय की आईचं विमान मुंबईहून 12 तारखेला रात्री 1:30 ला सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी 7:30 ला न्यूयॉर्कला उतरतं, मग प्रवास सहाच तासांचा का? तसं नाही. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या आहेत. तिकडच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं (हिवाळ्यात साडेदहा). सहात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा तास झाले.

अंतर सरळ मोजलं तर साधारण 12,500 किमी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, ती फसवते. पोरांच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो रशिया, नॉर्वे, आइसलंडच्या अंगानं जातो. सगळ्यात जवळची वाट ती. पण विमानाला ती मिळेलच असं नाही. युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झालं, आपल्या कंपन्यांना एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं. म्हणून ताशी 900 नं भागून आलेल्या चौदा तासांवर तास-दीड तास चढतो.

येताना वेळ कमी लागतो. पृथ्वी फिरते म्हणून नव्हे. हवाही तिच्यासोबतच फिरते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो, तो येताना पाठीशी आणि जाताना तोंडावर. शेतातून सायकलवर पोतं आणलेल्याला हे समजवायला नको.

कुणी दुबईमार्गे स्वस्त तिकीट सुचवलं तर अंतराला घाबरू नका. 1,900 आणि 11,000, म्हणजे जेमतेम चारशे किमी जास्त. वेळ खातो तो मधला मुक्काम. आईचे गुडघे दुखत असतील तर मला तो मुक्काम बरा वाटतो, पाय तरी मोकळे होतात.

आता खरी गोम तारखेची. 12 तारखेची रात्री 1:30 म्हणजे 11 ची रात्र. माझे साडू 12 ला रात्री जेवूनखाऊन विमानतळावर गेले, विमान आदल्याच रात्री गेलेलं! तिकिटाचे पैसे बुडाले ते वेगळंच.

तुम्ही परभणीचे, म्हणजे रेल्वेनं मुंबई साडेपाचशे किमी. 11 ला सकाळी तपोवननं निघून रात्री पोचायचा हिशोब करू नका, गाडी दोन तास लेट झाली की जीव टांगणीला. 10 च्या रात्रीची देवगिरी धरा, ठाण्याला उतरा, दिवसभर कुणा नातेवाइकाकडं आईला झोपू द्या आणि रात्री साडेनऊपर्यंत विमानतळ गाठा. परभणीच्या घरातून निघाल्यापासून सून दिसेपर्यंत चाळीस तासांच्या वर जातात, आईला तोच आकडा सांगा. व्हीलचेअर आधीच मागून ठेवा, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.