तीन प्रतिमा, तीन विंडो

प्रश्न : मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मॅटप्लॉटलिब या चित्रे काढण्याच्या लायब्ररीच्या साहाय्याने प्रतिमांवर प्रक्रिया करतो. मूळ करडी प्रतिमा, धूसर केलेली प्रतिमा आणि या दोहोंतील फरक अशी तीन चित्रे मला तीन स्वतंत्र विंडोंत एकाच वेळी पाहायची आहेत. प्रत्येक ‘इमशो’नंतर (प्रतिमा काढणारी आज्ञा) ‘शो’ (विंडो दाखवणारी आज्ञा) लिहिले, तर पहिली विंडो बंद केल्याशिवाय दुसरी उघडत नाही. मधले ‘शो’ काढून टाकले, तर एकच विंडो उघडते आणि तिच्यात शेवटची प्रतिमा तेवढी दिसते. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे वेगवेगळ्या कारणांची आहेत. मॅटप्लॉटलिबचा पायप्लॉट हा भाग ‘चालू आकृती’ कोणती याची नोंद ठेवतो आणि नवी आकृती मागितली नाही, तर पुढचे प्रत्येक चित्र त्याच आकृतीत काढतो. त्यामुळे आपल्या तीनही प्रतिमा एकाच जागी काढल्या गेल्या आणि शेवटचीने आधीच्या दोन झाकल्या. ‘शो’ मात्र, प्रोग्रॅम फाइलमधून चालवला असता, उघडलेल्या सर्व विंडो बंद होईपर्यंत पुढच्या ओळीकडे जाऊच देत नाही. म्हणून प्रत्येक ‘इमशो’आधी ‘फिगर’ लिहून नवी आकृती तयार करावी आणि ‘शो’ सर्वांत शेवटी एकदाच लिहावे. ‘फिगर’ला क्रमांक दिल्यास तो दर वेळी वेगळा असावा, कारण तोच क्रमांक पुन्हा दिला, तर नवी विंडो न उघडता जुनीच आकृती चालू होते.

माझे स्वतःचे मत असे, की ‘चालू आकृती’वर विसंबूच नये. ‘सबप्लॉट्स’ या आज्ञेकडून मिळणारी आकृती आणि तिचे अक्ष (आकृतीतील चित्र काढायची जागा) वेगळ्या नावांनी जपून ठेवावेत आणि त्या अक्षांवरच ‘इमशो’ वापरावे. प्रोग्रॅम लांबला, तरी कोणते चित्र कुठे जाते याविषयी संशय राहत नाही.

विंडो वेगळ्या झाल्या, तरी तुलना फसू शकते, आणि हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. एकरंगी प्रतिमा दाखवताना ‘इमशो’ त्या प्रतिमेतील किमान आणि कमाल मूल्ये रंगपट्टीच्या (प्रत्येक मूल्याला रंग नेमून देणाऱ्या क्रमाच्या) दोन टोकांना बसवते. परिणामी, फरकाच्या प्रतिमेतील मूल्ये 0 ते 5 इतकीच असली, तरी ती मूळ प्रतिमेएवढीच ठळक दिसते. आपली मूल्ये 8 बिटांची, म्हणजे 0 ते 255 मधली, असतील, तर तिन्ही ठिकाणी ‘व्हीमिन’ (रंगपट्टीच्या खालच्या टोकाचे मूल्य) 0 आणि ‘व्हीमॅक्स’ (वरच्या टोकाचे मूल्य) 255 ठेवावे, आणि रंगपट्टीही ‘ग्रे’ अशी स्पष्ट सांगावी, अन्यथा करड्या प्रतिमा जांभळ्या-पिवळ्या छटांत दिसतील. मात्र फरक काढण्यापूर्वी दोन्ही प्रतिमा चिन्हयुक्त (ऋण मूल्येही चालणाऱ्या) पूर्णांकांत बदलून घ्याव्यात आणि वजाबाकीचे निरपेक्ष मूल्य घ्यावे. कारण नम्पाय या पायथनच्या संख्या-लायब्ररीतील 8 बिटी चिन्हरहित संख्यांत 3 मधून 5 वजा केले, तर उत्तर उणे 2 ऐवजी 254 येते.

पुढे हेच काम लूपमध्ये अनेक प्रतिमांसाठी करणार असाल, तर पाहून झालेल्या आकृत्या ‘क्लोज’ने बंद कराव्यात. पायप्लॉटमधून उघडलेल्या आकृत्या 20 पेक्षा अधिक झाल्या, की मॅटप्लॉटलिब स्मृतीच्या वापराविषयी इशारा देते.