वस्तीतल्या बायकांच्या गोधड्यांना योग्य दाम कसं मिळवून द्यावं?

तुम्ही विचारलंय की इंदूरच्या वस्तीतल्या पंधरा बायका फावल्या वेळात गोधड्या शिवतात, दुकानदार नगाला 400 रुपये देतो, तर त्या ऑनलाइन विकाव्यात का. आधी प्रश्नातला ‘फावल्या वेळात’ हा शब्द काढा. दुकानदार 400 देतो तो त्याच शब्दाच्या जोरावर.

60 बाय 90 इंची गोधडी घ्या. टाके अर्ध्या इंचावर, म्हणजे 120 ओळी. एका ओळीला, सुईत दोरा ओवणं धरून, सरावलेल्या हाताला 20 मिनिटं. झाले 40 तास. थर अंथरणं, सळ काढणं, कच्चा दोरा, कडेची पट्टी यांचे आणखी 5. आता 400 ला 45 ने भागा. तासाला नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत. याला फावला वेळ कोण म्हणेल? पूर्ण साडेपाच दिवसांचं काम आहे ते.

माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, घड्याळ लावा. तीन बायकांच्या कडेच्या, मधल्या आणि संध्याकाळच्या ओळी मोजा. मधे गोधडी गुंडाळून धरावी लागते आणि संध्याकाळी हात थकतो, त्यामुळे नुसती पहिली ओळ मोजली की हिशोब फसतो.

मग राज्याच्या किमान मजुरीचा दिवसाचा ताजा दर घ्या, तोही कुशल कामगाराचा, आणि 8 ने भागा. सोपं म्हणून तासाला 50 धरले तरी मजुरी 2250. दोरा, कापड, धुणं 400. बिघडलेल्या नगांसाठी वर दहा टक्के. म्हणजे 2900 च्या आत नग हातातून सोडायचाच नाही. दुकानदार खरेदीच्या दुप्पट किंमत लावतो, तेव्हा ऑनलाइन विकतानाही किंमत 2900 च्या दुप्पट ठेवा. कुरिअर, फोटो, परत आलेला माल यांचा खर्च त्या फरकातूनच निघतो.

रेडीमेडवाल्यांची कतरन, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे, स्वस्त मिळते, पण सुती आणि पॉलिस्टर एकत्र शिवलं की पहिल्या धुण्यात सुती आटतं आणि गोधडीला फुगे येतात. लाल, मरून कापड रात्रभर भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर बाजूला काढा.

‘विकलं तर पैसे’ या बोलीवर माल ठेवू नका. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलताना, आणि बाईच्या स्वतःच्या खात्यात. नमुन्याचीही मजुरी द्या. प्रत्येकीची वही वेगळी: तारीख, तास, नग, काम देणाऱ्याची आणि तिची सही. नापास नगाचे पैसे कापायचे असतील तर कारण त्याच वहीत लिहा.

‘घरबसल्या मिळतंय ना’ हे मी बचत गटांच्या बैठकांत वर्षानुवर्षं ऐकत आलेय, तेही आपल्याच शिकल्यासवरल्या बायकांकडून. घरून काम करणाऱ्यांना बाकी मजुरांच्या बरोबरीनं वागवा, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1996 च्या 177 क्रमांकाच्या करारात लिहिलंय. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणून ही वहीच त्या बाईचा कायदा.

हो, 5800 रुपयांची गोधडी इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बाजारात रोज खपणार नाही. तेव्हा सुरुवात बाळाच्या दुपट्यापासून करा: 30 बाय 40 इंच, 60 ओळी, साधारण 9 तास. मजुरी 450, आणि आठवडा संपायच्या आत हातात पैसे.