पारसनीस म्हणजे पारशी नव्हे

मस्कत

लाडक्या बाळा,

काल फोनवर तू हिरमुसून विचारलंस, "बाबा, वर्गात मुलं मला पारशी म्हणतात. आपलं आडनाव पारसनीस का?" घाईघाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून पत्र लिहितोय.

फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठीच्या तोंडी त्याचा 'नीस' झाला. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, सरकारी हिशेब लिहिणारा तो फडणीस आणि दरबारची फारसी पत्रं सांभाळणारा फारसीनवीस तो पारसनीस.

आपल्याकडे ही फारसी रुजली बहमनी काळात. १३४७ साली ती सलतनत उभी राहिली, राजधानी गुलबर्ग्याला आणि पुढे बीदरला गेली. दरबारची भाषा फारसी, पण गावचा कुलकर्णी वसुलाचा हिशेब ठेवणार मराठीत. मग दोन्ही भाषा जाणणारे कारकून लागलेच. पुढच्या आदिलशाही-निजामशाहीतले कितीतरी कागद असे आहेत, की वर फारसी मजकूर आणि खाली मोडीत मराठी. ज्याला फारसी येत नाही त्यालाही आपल्या वतनाचा हुकूम वाचता यावा, ही सोय मला फार मोलाची वाटते.

बहमनींचा वजीर महमूद गावान हा इराणातल्या गिलानचा. त्याने जमिनी मोजून सारा ठरवला, चार प्रांतांचे आठ केले, बीदरला मोठा मदरसा बांधला. पत्रं कशी लिहावीत यावर ग्रंथही लिहिला. आणि बघ, त्याचा घात केला तो एका पत्रानेच. वैऱ्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि वर फितुरीचा मजकूर लिहिला. शिक्का माझा, पत्र माझं नाही, असं तो सांगत राहिला. सुलतानाने ऐकलं नाही. १४८१ साली त्याचा शिरच्छेद झाला. नंतर प्रांतांचे सुभेदार एकेक करून वेगळे झाले, राज्याचे पाच तुकडे पडले. मी इथे ऑफिसात दिवसभर कागदांवर शिक्के मारतो, तेव्हा गावानची हमखास आठवण येते.

तू पाठीला लावतोस ते दप्तरही फारसीच बरं का. 'दफ्तर' म्हणजे नोंदवही. आपल्याकडे कापडात बांधलेल्या सरकारी कागदांना दफ्तर म्हणू लागले आणि तेच तुमच्या वह्या-पुस्तकांच्या पिशवीला चिकटलं.

आजोबांच्या ट्रंकेत एक जुना मोडी कागद आहे, कडा कुरतडलेला. त्यांना काढून दाखवायला सांग. हात मात्र कोरडे ठेव.

तुझा,
बाबा