तिसऱ्या दिवशीच निश्चय का मोडतो?

प्रश्न : वय २१, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दोन वर्षं झाली, दिवसाला सात-आठ सिगारेटी होतात. पहिली उठल्यावर तासाभराने, टपरीवरच्या चहासोबत. ओढल्याशिवाय अभ्यासात लक्ष लागत नाही. चारदा सोडली, दर वेळी तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. माझ्यात मनोनिग्रहच नाही का?

उत्तर : आहे. निकोटिन तोडल्यावरची चिडचिड आणि बेचैनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते. पुढे तीन-चार आठवड्यांत ती ओसरते. तुम्ही दर वेळी नेमके घाटमाथ्यावरून परत फिरला आहात.

आता अभ्यासाचं. झुरका घेतला की १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं, तिथल्या रिसेप्टरांना, म्हणजे त्याला पकडणाऱ्या पेशींवरच्या जागांना, चिकटतं आणि डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. रोजच्या माऱ्याने मेंदू हे रिसेप्टर वाढवून ठेवतो. दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, मग तलफ येते आणि एकच ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. पुढच्या सिगारेटने ती शिरते खरी, पण आधीच्या सिगारेटने पळवलेलं लक्षच तुम्हाला परत मिळतं, जास्तीचं काही नाही.

‘थांब’ म्हणणारा मेंदूचा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. कोवळ्या वयात निकोटिन दिलेल्या उंदरांचं लक्ष मोठेपणीही उडतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. माणसांत मात्र उतावळी मुलंच सिगारेटकडे जास्त वळतात, हेही खरं; त्यामुळे सगळा दोष धुरावर टाकता येत नाही. तरी नुसत्या निर्धारावर विसंबू नका, आधी तजवीज करा.

परीक्षेचा आठवडा टाळून तारीख ठरवा. त्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. हे कुणी सांगत नाही आणि इथेच घात होतो : धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने संपवत असतं. धूर थांबला की तेवढ्याच चहाने रक्तात जवळजवळ दुप्पट कॅफिन साठतं. छाती धडधडते, झोप उडते, आणि तीच तलफ वाटते.

निकोटिन गम २ मिलिग्रॅमचा घ्या. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक. तो साध्या च्युइंग गमसारखा चावत राहिलात तर रस पोटात जाऊन उचकी आणि जळजळ होते. सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवा, त्या गेल्या की पुन्हा चावा. अर्धा तास पुरतो. आधी १५ मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडात शोषलंच जात नाही.

तलफ पाचेक मिनिटांत उतरते. तेवढा वेळ टपरीपासून लांब चालत राहा. नाहीच जमलं तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर समुपदेशकाशी बोला.

प्रश्न : सिगारेटऐवजी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, चालेल?

उत्तर : नाही. निकोटिन तेच, आणि भारतात २०१९ पासून व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या कांडीत किती निकोटिन आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.