लेव्हल कमी होत नसेल तरी गाडीचं कूलंट बदलावं लागतं का? कधी बदलावं?

बदलावंच लागतं. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यातून आणि रेडिएटरमधून फिरणारं द्रव. "लेव्हल आहे ना, मग कशाला पैसे घालवायचे?" हे मी आमच्या भाऊजींकडून इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

भाऊजींनी उमेदीच्या काळात जीप विहिरीच्या पाण्यावर चालवली. तिला काही झालं नाही, म्हणून आताच्या डिझेल गाडीतही कमी पडलं की बोअरचं पाणी. मी बोललो की उत्तर ठरलेलं, "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?" एकदा मे महिन्यात आम्ही सगळे वैभववाडीहून कोल्हापूरला परतत होतो. भरलेली गाडी, एसी चालू, करूळ घाटाची चढण. निम्म्यात काटा लालवर गेला. एसी बंद करून हीटर फुल सोडा, तेवढीच इंजिनची उष्णता बाहेर पडेल, असं मी म्हणालो. भाऊजींचं मत, गगनबावड्यात थांबू. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ! ताई पोरांना घेऊन उन्हात कठड्याशी उभी, आणि भाऊजी तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेले. मी हात धरला म्हणून वाचले.

गाडी उघडली तर रेडिएटरच्या नळ्यांत बंबात साचतो तसा क्षार, वॉटर पंपाचा पंखा गंजून खाल्लेला, इंजिनच्या सांध्यातलं गॅस्केट (सील) उडालेलं, पाणी मिसळून ऑइल दुधाळ. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं होतं, ते घासून सपाट करायला (फेसिंगला) गेलं. भाऊजी आजही थर्मोस्टॅटला, म्हणजे कूलंटची वाट उघडझाक करणाऱ्या झडपेला, दोष देतात. थर्मोस्टॅट अडकलाच होता, पण गंजाच्या गाळाने.

कूलंट फक्त थंडीत पाणी गोठू नये म्हणून असतं हा समज डोक्यातून काढा. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), निम्मं पाणी हे मिश्रण साध्या दाबाला साधारण १०७ अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. आणि आधी संपतात ती त्यातली गंजरोधक रसायनं. लेव्हल तीच, रंगही जवळपास तोच, आत मात्र धातूला संरक्षण उरत नाही. जीपचं इंजिन बिडाचं, त्याने सोसलं. आता हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटरही ॲल्युमिनियमचा.

जुन्या पद्धतीचं कूलंट दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, लाँग लाइफ असेल तर साधारण पाच वर्षं. तपकिरी झालं किंवा गाळ दिसला तर तारीख बघत बसू नका. पाणी मिसळायचं तर डिस्टिल्डच. घरात कुणी "नळाचं चालतं" म्हणालं, तर गाडी त्यांच्या नावावर करा आणि खर्चही त्यांनाच करू द्या.

हां, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मुदत दिली असेल तर तीच धरा. रंग सारखा दिसतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नका, रंगावरून प्रकार कळत नाही. लेव्हल सारखी उतरत असेल तर बदलून भागणार नाही, गळती शोधा. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.