सात सीटर ऑटोमॅटिक गाडी फ्रीवेवर मध्येच ओढायची थांबते, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मात्र वाढतो. चालवत राहू का?

नाही, घरच्यांना बसवून तर मुळीच नको. मागून डंपर येत असताना गाडीने ओढ सोडली तर काय होईल, याचा विचार करा.

इंजिन फिरतंय पण जोर चाकापर्यंत पोचत नाही, याचा अर्थ बहुधा गिअरबॉक्समधले क्लच घसरतायत किंवा ऑइलचा दाब पडतोय. आधी गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. लालसर डाग पडला तर गळती आहे. गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) असेल तर तिच्यावरचं थेंबभर ऑइल पांढऱ्या टिश्यूवर घ्या. लाल असेल तर ठीक. काळपट आणि करपल्याचा वास येत असेल तर क्लचच्या प्लेटा जळल्यात. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली होती का, ते नक्की आठवा. पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं, तेव्हा नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा. त्यात दिसणारा पी०७०० हा बिघाडाचा कोड फक्त गिअरबॉक्सची तक्रार आहे एवढंच सांगतो, खरं कारण सोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असतं. तो न बघता कोणी 'पूर्ण बॉक्स बदला' म्हणालं तर ऐकू नका.

रस्त्यात पुन्हा झालंच तर चारही इंडिकेटर एकदम (हॅझर्ड लाइट) लावा, वेग आहे तोवर डावीकडे घ्या. गाडी थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. गॅरेजला न्यायची ती फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर.